पोट कापलं त्या वर्षीचा धोंड्याचा महिना

यंदा पुन्हा अधिक महिना आलाय. त्यासाठी कॅलेंडर बघायची गरज पडत नाही, आमच्या गल्लीत नाकच सांगतं. सकाळची कामं आटोपली की शेजारच्या कुठल्यातरी स्वयंपाकघरातून तुपात तळल्या जाणाऱ्या अनारशांचा वास येतो. आधी तो बरा वाटतो, मग गोड वाटतो, मग नको इतका गोड होतो आणि शेवटी घशाशी येऊन बसतो. मी उठून खिडकी लावून घेतो. बायको म्हणते, उकडतंय. मी म्हणतो, उकडू दे. त्या वासापेक्षा घाम परवडला.

गोडाचा तिटकारा असलेला माणूस एकतर साधू असतो नाहीतर मधुमेही, अशी लोकांची समजूत आहे. मी साधू नाही, आणि मधुमेह होता तो गेला. मला फक्त एक उन्हाळा आठवतो. दोन हजार सात सालचा. त्या वर्षी अधिक ऐन आंब्यांच्या दिवसांत आला होता, आणि त्याच्या जेमतेम महिनाभर आधी मुंबईच्या एका दवाखान्यात माझं पोट कापून लहान केलं होतं. वजन कमी करायचं ऑपरेशन. नाशकात तेव्हा ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना ते पैसेवाल्यांचं थेर वाटायचं. मी पैसेवाला नव्हतो. मी नुसता जाडा होतो.

जाडा हा शब्द मी आता सहज लिहितो. नव्वदच्या दशकात माझ्यासाठी दुसरा शब्द होता, 'खाणारा'. रविवार कारंज्याजवळ माझा छापखाना. लग्नपत्रिका हा मुख्य धंदा. पत्रिकांचा गठ्ठा न्यायला आलेला मुलीचा बाप त्यातलीच पहिली पत्रिका काढायचा आणि हात जोडून माझ्या समोर धरायचा. त्यामुळे वैशाखात मला रोज कुठे ना कुठे जेवण असायचं. मी जायचो. नुसता हात ओला करून यायचं मला कधी जमलं नाही. यजमान कुणालातरी हाक मारून म्हणायचा, "अरे, इकडे वाढा, हे खाणारे आहेत." मग जिलेबीची परात माझ्यासमोर येऊन थांबायची आणि आजूबाजूचे लोक आपलं जेवण सोडून माझ्याकडे बघायला लागायचे. कुणी पैज लावायचं. मी जिंकायचो. मला ते आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आज त्या माणसाकडे वळून बघितलं की शिसारी येते. ओठांच्या कोपऱ्यात सुकलेला पाक, पोटावरच्या बटणापाशी मठ्ठ्याचा डाग, कपाळावरून ओघळून थेट भातात पडणारा घाम. जेवून उठताना त्याला जमिनीवर दोन्ही हात टेकावे लागत आणि तोंडातून एक आवाज निघे, तो ढेकरही नसे आणि कण्हणंही नसे. लोक हसून टाळ्या द्यायचे. माणूस जेवतोय आणि लोक टाळ्या देतायत, यात काही चुकतंय असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

या खाण्याची खरी राजधानी होती माझी सासुरवाडी. सटाणा. सासरे कांद्याच्या व्यापारात होते, ते गेल्यावर मेहुणा प्रकाश आडत बघू लागला. घरातलं सगळं मात्र सासूबाईंच्या हातात. मी त्यांना मामी म्हणतो. बारीक, काटक बाई, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. बोलणं अहिराणी. माझ्याशी त्या नाशिकचं बोलायचा प्रयत्न करायच्या, पण त्यात मधूनच 'आहे'च्या जागी त्यांचं 'शे' यायचंच.

धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो, आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं, पुरण भरलेले धोंडे करून वर तुपाची धार धरायची, आणि ताम्हणात अनारसे नि दिवा ठेवून वाण द्यायचं. देवाला दाखवलेला नैवेद्य देव खात नाही, ही देवाची केवढी सोय आहे! नारायण झालेल्या जावयाला ती सोय नाही. त्याने खायचं असतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

लग्नानंतरच्या पहिल्याच धोंड्याला मी नाव काढलं. धोंडे तर झालेच, वर खापरावरच्या पुरणपोळ्या. आमच्या नाशकातल्या पोळ्यांसारख्या नव्हेत त्या. पालथ्या खापरावर हाताने पसरलेल्या, परातीएवढ्या, घडी घालून ताटात ठेवाव्या लागतात. सोबत झणझणीत सार, भजी, कुरडया. मामी वाढत राहिल्या, मी खात राहिलो. प्रकाश दारात उभा राहून गल्लीतल्या लोकांना सांगत होता, "या, या, दाजींना बघा." आणि लोक आले. बायका पदर तोंडाला लावून, पुरुष कमरेवर हात ठेवून. त्या दिवसापासून सटाण्यात मी कुणाचातरी जावई राहिलो नाही, एक कार्यक्रम झालो. पुढच्या प्रत्येक अधिकात आदल्या वेळेपेक्षा कमी खाणं म्हणजे त्या घराचा अपमान ठरला असता. मामींच्या हाताला चव आहे हे माझ्या खाण्यावरून ठरायचं, आणि मामी बस म्हणायच्या नाहीत म्हणून मी थांबायचो नाही.

शरीर मात्र थांबलं. आधी जिना चढताना, मग बुटाची नाडी बांधताना. मग झोपेत. मी घोरायचो ते सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं, पण शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, घोरण्याची भीती नव्हती. घोरणं मध्येच बंद पडायचं त्याची होती. श्वास अडकायचा. ती उठून बसायची आणि मला हलवायची. दिवसा मी कुठेही झोपायचो. पत्रिकेचं प्रूफ वाचता वाचता झोपायचो, आणि एकदा स्कूटर चालवता चालवता. शालिमारच्या सिग्नलला स्कूटरसकट आडवा झालो, लागलं काही नाही. घरी आल्यावर शैला रडली नाही. ती म्हणाली, "तुम्ही खाऊन मरणार. आणि मग येणारे लोक मला विचारतील, शेवटचं काय खाल्लं होतं." त्या वाक्याने मला ऑपरेशनला नेलं.

तिची एकच अट होती. सटाण्याला कळता कामा नये. "आई म्हणेल, माझ्या हातचं खाऊन जावयाला पोट कापावं लागलं. आणि प्रकाश? तो तर भर मार्केटात सांगेल." मग आम्ही पित्ताचे खडे ठरवले. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन कसं अब्रूदार असतं! कुणाच्याही पोटात असू शकतात, आणि त्यात खाणाऱ्याचा काही दोष नसतो.

तयारीचे ते दिवस आठवले की आजही तोंडाला विचित्र चव येते. ऑपरेशनच्या आधी यकृत आकसायला हवं, म्हणून काही दिवस जेवण बंद आणि त्याऐवजी एक पावडर पाण्यात कालवून प्यायची. डब्यावर चॉकलेट लिहिलं होतं. चव ओल्या चुन्याची. ढवळून ढवळून तिच्यात गाठी राहायच्या, आणि जिभेवर एखादी गाठ फुटली की आतली कोरडी भुकटी टाळूला चिकटायची. फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं, त्यातले तीन रंगीत चेंडू नळीतून श्वास ओढून वर उचलायचे. छापखान्यात टेबलाशी बसून मी चेंडू उचलत बसायचो. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? मी सांगायचो, पित्ताचं.

पण त्या पावडरच्या आधीचे आठ दिवस जास्त किळसवाणे. त्याबद्दल कुणी बोलत नाही. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत माझ्यासारख्याच एकाने हळूच सांगितलं होतं, "जे खायचं ते आत्ता खाऊन घ्या, नंतर नाही." मी ते मनावर घेतलं. रोज एक ठिकाण. सकाळी मिसळ, तर्रीवर पुन्हा तर्री मागून. दुपारी थाळी. संध्याकाळी भजी, रबडी, आणि घरी येऊन शैलाला संशय नको म्हणून पुन्हा जेवण. भूक नव्हती. चवही कळत नव्हती. मी एकेका पदार्थाचा निरोप घेत होतो, आणि प्रत्येक निरोपाच्या वेळी मला त्याच्याबद्दल प्रेम नाही, राग येत होता. शेवटच्या दिवशी एका हॉटेलच्या आरशात मी स्वतःला मिसळ खाताना पाहिलं. नाकाला पाणी, हनुवटीवर लाल तेल, डोळे बारीक झालेले. पाव अर्धा तसाच टाकून उठलो. घरी जाऊन कितीतरी वेळ दात घासत होतो.

दवाखान्यातल्या त्या खोलीतल्या खुर्च्यांना हात नव्हते. जगात पहिल्यांदाच कुणीतरी आमचा विचार केला होता. तिथे बसलेले सगळे एकमेकांकडे चोरून बघायचे आणि मनातल्या मनात ठरवायचे की आपण त्याच्याएवढे नाही. मनाच्या डॉक्टरांनीही एकदा बोलावलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही का खाता?" मी म्हणालो, "समोरचा वाढतो म्हणून." त्यांना तो विनोद वाटला. मी खरं सांगत होतो.

ऑपरेशनबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, मी झोपलो होतो. जागा झालो तेव्हा पोटात आग आणि खांद्यात कळ होती. पोट फुगवायला हवा भरतात, तिची कळ खांद्यात येते, असं नर्स म्हणाली. मग औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढा कप माझ्या हातात दिला. पाणी. एक घोट, मग थांबायचं, मग दुसरा घोट. परात रिकामी करणारा माणूस टोपणभर पाणी पुरवून पुरवून पीत होता, आणि ते पुरत होतं. मला त्याचीच भीती वाटली.

घरी आल्यावर वरणाचं पाणी सुरू झालं. वरण नव्हे, वरणाचं पाणी. शैला डाळ शिजवायची, गाळायची, पुन्हा गाळायची, आणि ते फिकट पिवळं पाणी वाटीत माझ्यासमोर ठेवायची. त्याला हिंगाचा नुसता भास असायचा. ताकाचं पाणी, नारळाचं पाणी, भाज्या उकळलेलं पाणी. मग काही दिवसांनी सगळं मिक्सरमधून फिरवलेलं. भात, डाळ, दुधी, एकदा तर मासाही. लगद्याला रंग नसतो, राखाडीकडे झुकणारा काहीतरी असतो. चमचा उचलला की तो लगदा सावकाश घसरायचा. मला कागद बनवायच्या कारखान्यातली टाकी आठवायची, तिथेही असंच काहीतरी ढवळत असतं. आणि एक चमचा जरी जास्त गेला, किंवा जरा घाईने गेला, तरी छातीत अडकायचा. मग तोंडाला फेस यायचा. उलटी नाही, नुसता पांढरा, चिकट, चव नसलेला फेस. बेसिनशी वाकून तो गळू देत मी उभा राहायचो. डॉक्टरांनी बजावलं होतं, उलटीचा जोर आतल्या टाक्यांवर येता कामा नये. टाके उसवले तर पुन्हा उघडावं लागेल आणि मग काय होईल सांगता येत नाही. आणि साखर तर बिलकूल नाही. आतडं आता सरळ पोटाला जोडलेलं आहे, साखर धडधडत खाली जाईल आणि तुम्हाला आडवं करेल.

घरातले बाकीचे माझ्यापासून लपून जेवायचे. स्वयंपाकघराचं दार लोटून. मला खाण्याची इच्छाच नव्हती, तर लपवायचं कशाला? पण त्यांना वाटायचं, बिचारा तरसत असेल. मी तरसत नव्हतो. मला वास सहन होत नव्हता. फोडणीचा, तव्यावरच्या तेलाचा, आणि सगळ्यांत जास्त आंब्यांचा. पेटी पलंगाखाली ठेवलेली, गवतात पिकणारे आंबे, वरून गोड आणि आत कुठेतरी कुजण्याच्या बेताला आलेले. रात्रंदिवस तो वास. शैलाने शेवटी पेटी गच्चीत नेऊन ठेवली. "ज्याचे त्याचे डोहाळे," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा हसलो. हसताना टाके दुखले.

आणि मग मामींचा फोन आला. अधिक सुरू झाला होता.

"जवाईबापू, कधी येता?"

मी पित्ताच्या खड्यांचं सांगितलं. त्यांना माहीतच होतं. "ऑपरेशन झालं ना? मग अशक्तपणा शे. खायला लागतं." मी म्हणालो, डॉक्टर नको म्हणतात. त्या म्हणाल्या, "मी यंदा एकवेळ जेवते. तुमचं वाण झाल्याशिवाय गोडाला हात लावणार नाही. तुम्ही नाही आले तर मी येते, डबे घेऊन."

डबे घेऊन आलेल्या मामी आमच्या दोन खोल्यांत चार दिवस राहिल्या असत्या आणि पित्ताचे खडे दुसऱ्याच दिवशी उघडे पडले असते. शैला म्हणाली, आपण जाऊन येऊ. अर्धा दिवस. तुम्ही पाटावर बसा, तोंडाला लावल्यासारखं करा, मी सांभाळते. मला सांभाळणं म्हणजे काय ते कळत होतं. त्या पाटावर बसून न खाणं मला आयुष्यात जमलं नव्हतं, आणि आता खाल्लं असतं तर टाके उसवले असते.

सटाण्यात शिरतानाच कांद्याचा वास येतो. कांदा साठवायच्या चाळी नुकत्याच भरलेल्या होत्या. निवडून बाजूला काढलेल्या सडक्या कांद्यांचे ढीग उन्हात पडलेले, त्यांतून काळं पाणी ओघळत होतं. मी रुमाल नाकाला लावूनच गाडीतून उतरलो. ओसरीवर मामी उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. महिन्याभरात माझं बरंच वजन उतरलं होतं, चेहऱ्याची कातडी लोंबायला लागली होती. सगळी दुनिया मला बारीक हो, बारीक हो म्हणत होती. बारीक झाल्यावर पहिल्या बाईने तोंडाला पदर लावला.

"काय जयं हे!" त्या म्हणाल्या. म्हणजे काय झालं हे.

मला तोंडातून काही काढायची गरजच पडली नाही. शैलाने आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की डॉक्टरांनी पातळ खायला सांगितलंय, घट्ट काही चालत नाही. तिला वाटलं, यातून आपण सुटलो. पण आमच्याकडे पातळ म्हणजे पथ्य असा अर्थ कुठे होतो? मामींनी पहाटेपासून खपून सगळा धोंडा पातळ केला होता. पाटासमोर ताट नव्हतं, पेले होते. एकात आमरस, दूध घालून सैल केलेला, वर तुपाचा तवंग. दुसऱ्यात पुरण, दुधात कालवून, फडक्यातून गाळलेलं. तिसऱ्यात बासुंदी. अनारसे नको, म्हणून अनारशांचं पीठ दुधात शिजवून खीर केली होती. गाळता गाळता त्यांच्या बोटांना फोड आले होते. प्रकाश दारात होता, त्याच्या मागे गल्लीतल्या बायका. काय होणार ते बघायला आलेल्या.

"पातळ शे ना सगळं," मामी म्हणाल्या. "घ्या. चावायचं काहीच नाही."

मी शैलाकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच नाही म्हटलं. नाही म्हणजे खाऊ नका, की सांगू नका, ते मला कळलं नाही. पाय धुतलेले, कपाळाला गंध, समोर दिवा. मी आमरसाचा पेला उचलला. वास नाकात शिरला आणि सगळं अंग आतून मागे सरकलं. तरी मी प्यायलो. एक घोट, थांबून दुसरा. मामी पेल्याकडे बघत होत्या. अर्धा पेला झाला. प्रकाश म्हणाला, "दाजी, एवढंच?" म्हणून मी राहिलेलाही घेतला.

आधी कानात ढोल वाजल्यासारखं झालं. मग छाती धडधडू लागली, अंगातून घामाच्या धारा लागल्या, समोरचा दिवा हलायला लागला. पोटात कुणीतरी पीळ घालतंय असं वाटलं. मी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, गुडघ्यांवरच मोरीकडे गेलो. सगळं बाहेर आलं. पिवळं, तुपाचं, अजून गार. त्यानंतरही पोट थांबेना, रिकामं होऊनही ते पिळत राहिलं, आणि मला टाक्यांशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. मामींनी माझं कपाळ हातात धरलं होतं. त्यांच्या हाताला वेलदोड्याचा वास येत होता, त्या वासाने मला पुन्हा उमळून आलं.

मागे दारात कुजबुज सुरू झाली होती. एक बाई म्हणाली, दूध फाटलं असंल. दुसरी म्हणाली, या उन्हात बासुंदी करता का कुणी. प्रकाशने आवाज चढवला, "आई, काय घातलं तू त्यात? कल्हई नसलेलं पातेलं घेतलं का? जावयाला काय इख पाजती का?"

मामी उठल्या. त्यांनी बासुंदीचा पेला उचलून वास घेतला, बोट बुडवून चाखली. पुरणाचं दूध चाखलं. आमरसाचं पातेलं उजेडात नेऊन आत बघितलं. वाण होईपर्यंत गोडाला न शिवायचा नेम त्या दारातल्या बायकांसमोर मोडत होत्या, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. माझ्या उलटीपेक्षा ते बघणं मला असह्य झालं. मी मोरीच्या कट्ट्याला टेकून बसलो होतो, तोंडातून लाळ गळत होती. मी म्हणालो, "मामी, दूध चांगलं होतं. माझं पोट कापलंय."

"अहो!" शैला म्हणाली.

"खडे नव्हते," मी म्हणालो. "मी जाडा होतो म्हणून पोट कापून लहान केलंय. साखर चालत नाही. पातळही नाही आणि घट्टही नाही. तुमच्या हाताचा काही दोष नाही."

दारातल्या बायका आणखी पुढे सरकल्या. प्रकाशचं तोंड उघडं होतं. मामींनी पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि आधी दार लोटून घेतलं. प्रकाशलाही बाहेर ठेवून. मग माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसल्या. मला वाटलं, आता रडतील. शैलाला वाटलं, आता तिला बोलतील.

"किती राहिलं?" त्यांनी विचारलं.

मी मूठ दाखवली. मग जरा सैल होती ती आणखी घट्ट केली.

त्यांनी मुठीकडे पाहिलं. "बरं केलं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"बरं केलं म्हणते मी. एक खरं सांगू का जवाईबापू? तुम्ही जेवायचे ना, तवय माले मळमळायचं. पहिल्या धोंड्यापासून. तुम्ही खात जायचे, घाम गळायचा, आणि प्रकाश बाहेरच्यांना बोलवायचा. मी मध्येच आत जायची आणि तोंडावर पाणी मारायची. मग पुन्हा पोळी घेऊन यायची. जावयाला बस कसं म्हणणार? तुम्ही थांबत नव्हते, मी कशी थांबू?"

शैला भिंतीला टेकून उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं की हसू, ते मी बघितलं नाही. मला स्वतःला काय वाटलं तेही नीट सांगता येत नाही. बारा वर्षं मी त्या बाईचं मन राखायला खात होतो, आणि ती बाई माझं मन राखायला वाढत होती, आणि दोघांनाही मळमळत होतं. गल्लीतल्या लोकांना मात्र बघायला मजा येत होती. मला त्या पाटाची, त्या पेल्यांची, स्वतःची आणि दाराबाहेर अजून ताटकळत उभ्या असलेल्या सगळ्यांची एकाच वेळी किळस आली. आणि तरी छातीवरचं काहीतरी उतरलंही.

पुढच्या प्रत्येक अधिकात मामी मला बोलवत राहिल्या. यंदाही त्यांचा फोन येऊन गेला, आता आवाज कापतो. वाणाला नारळ असतो आणि सुती शर्टाचं कापड. दरवेळी शर्टाचं माप त्या विचारून घेतात, कारण मधल्या काळात मी थोडा सुटतो, पुन्हा आवरतो. पोट कापलं म्हणून माणूस सुधारतो असं नाही. लगद्याचे दिवस संपले, पोळी आली, भाजी आली, लग्नातली बोलावणी तर चालूच आहेत. पण कुणी परात घेऊन माझ्यासमोर थांबलं की मला मोरीचा तो ओला कट्टा आठवतो, आणि मी उठून हात धुवायला जातो.

त्या दिवशी मात्र मी लगेच उठू शकलो नव्हतो. शैलाने मला पाणी दिलं, मी ते घोट घोट घेत भिंतीशी बसून राहिलो. टाके शाबूत होते, हे हळूहळू कळत गेलं. मामी उठून स्वयंपाकघरात गेल्या. येताना त्यांच्या हातात भरलेलं ताट होतं. न गाळलेल्या पुरणाची पोळी, वर तूप, वाटीत घट्ट आमरस. नेम तसाही मोडला होता. सकाळपासून त्या उपाशी होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना जेवताना कधी पाहिलं नव्हतं. त्या नेहमी सगळ्यांच्या मागून, आत, एकट्या जेवायच्या.

त्या माझ्यापासून दोन हातांवर बसल्या आणि पोळीचा पहिला घास मोडला. तो तोंडाकडे नेता नेता थांबल्या.

"मी जेवते," त्या म्हणाल्या. "बघू नका."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे बांगड्यांचा आणि वाटीचा आवाज येत राहिला, आणि तो थांबेपर्यंत मी मान वळवली नाही.